कारण कुणी तपासलं होतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखक लष्करात अधिकारी आहेत. देश, हुद्दा, शाखा, अपघाताची जागा असं ओळख पटेल ते सगळं इथे काढून टाकलं आहे. बरीच वर्षं लढाऊ तुकडीत काढल्यावर पाठीच्या दुखापतीमुळे ते मैदानी कामाला अपात्र ठरले आणि त्यांची बदली जनसंपर्क शाखेत झाली. जुने सहकारी भेटले की ‘काय, आज कुणाचे फोटो काढलेस?’ असं विचारतात. ते हसण्यावारी नेतात, पण लागतं.

काही आठवड्यांपूर्वी रात्रीच्या सरावात लष्कराचा एक ट्रक दरीत कोसळला. चालक आणि आणखी एक जवान गेला, काही जखमी झाले. बातमी फुटायच्या आत निवेदन जायला हवं म्हणून वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, ‘यांत्रिक बिघाडामुळे अपघात, असं टाका.’ तोवर ट्रक दरीतून वरही आलेला नव्हता. ‘तपासलं कुणी?’ हा प्रश्न ओठांवर आला होता, पण त्यांनी विचारला नाही. सांगितलं तसं लिहून दिलं. आता जुन्या युनिटातल्या मित्रांकडून कानावर येतं आहे की चालक आदल्या दिवसापासून सलग ड्युटीवर होता, त्याला झोप मिळालेली नव्हती. चौकशी सुरू आहे. दरम्यान गेलेल्या दुसऱ्या जवानाच्या मोठ्या भावाचा कार्यालयात फोन आला. ‘गाडीत बिघाड होता, तर ती बाहेर काढायची परवानगी कुणी दिली?’ ‘चौकशी चालू आहे’ एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

ते विचारतात, ‘मी अजून सैनिक आहे की लष्कराचा जाहिरातदार? हे काम असंच असणार असेल तर युनिटात परत जाण्यासाठी अर्ज करू, राजीनामा देऊ, की चौकशी संपेपर्यंत गप्प बसू? कधी वाटतं, त्या भावाला सरळ फोन करून खरं काय ते सांगून टाकावं. पण लष्करात गुप्तता लागते, तिथे खरेपणाची भाषा चालेल का, याची भीती वाटते.’

उत्तर

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक त्या वाक्याचा, दुसरा नोकरीचा. तुम्ही नोकरीबद्दल भरभरून लिहिलं आहे. मला मात्र वाक्याची घाई वाटते. राजीनामा पुढच्या वर्षीही देता येतो. ‘यांत्रिक बिघाडामुळे’ ही ओळ आज लोकांसमोर आहे आणि रोज कुणाला ना कुणाला इजा करते आहे.

कुणाला, ते आधी पाहू. भावाची तगमग तुमच्यापर्यंत पोचली, म्हणून तर तुम्ही लिहायला बसलात. पण तुमच्या पत्रात एका माणसाचा उल्लेखच नाही. वर्कशॉपमध्ये तो ट्रक तपासून, रजिस्टरमध्ये सही करून बाहेर सोडणारा मेकॅनिक. त्या भावाचा प्रश्न थेट त्याच्याकडेच जातो. पेपरात ‘यांत्रिक बिघाड’ वाचल्यावर त्याच्या घरच्यांनी त्याला काय विचारलं असेल? युनिटात त्याच्याकडे लोक कसे बघत असतील? त्याची चूक असेलही, चौकशीत कळेल. पण तुमच्या निवेदनाने त्याला नाव न घेता आधीच आरोपी केलं आहे. आणि हे नुकसान इथेच थांबणार नाही. कारण ‘बिघाड’ ठरलं, तर गाड्यांच्या तपासण्या वाढतील आणि ड्युटीचा तक्ता कुणी उघडून बघणार नाही. चालकाच्या झोपेबद्दल तुम्ही ऐकलं ते खरं असेल, तर असाच न झोपलेला दुसरा कुणीतरी पुढच्या सरावात स्टिअरिंगवर बसेल.

मात्र तुमच्या मित्रांनी सांगितलेलंही अजून कुणी तपासलेलं नाही, हे विसरू नका. ‘चालकाला झोप लागली’ हे वाक्य बिघाडाच्या वाक्याइतकंच कच्चं आहे, आणि जास्त निर्दय आहे, कारण ज्याच्यावर ठपका येईल तो उत्तर द्यायला हयात नाही. शिवाय त्याला सलग ड्युटीवर कुणी ठेवलं, हा खरा प्रश्न त्यात बुडून जाईल. म्हणून भावाला फोन करून ‘खरं काय ते’ सांगण्याचा विचार आत्ता बाजूला ठेवा. ओळखीच्या पत्रकाराच्या कानावर घालण्याचाही. खरं काय ते तुम्हालाही माहीत नाही. पहिल्या रात्री झालेली चूक ही की न तपासलेलं कारण बाहेर गेलं. आता दुसरं न तपासलेलं कारण बाहेर गेलं, तर तीच चूक चांगल्या हेतूने पुन्हा होईल.

मग करायचं काय? दुरुस्ती. ती अगदी छोटी असू शकते: ‘अपघाताबाबतच्या आमच्या पहिल्या निवेदनात यांत्रिक बिघाड हे कारण दिलं होतं. त्या वेळी वाहनाची तांत्रिक तपासणी झालेली नव्हती. तो उल्लेख आम्ही मागे घेत आहोत. अपघाताचं कारण चौकशीतून निश्चित होईल.’ यात नवं कारण नाही, कुणाचं नाव नाही, वरिष्ठांवर बोट नाही. हा मसुदा एका पानाच्या टिपणासोबत लेखी द्या. टिपणात सदसद्विवेकाची भाषा वापरू नका. तुमची तळमळ खरी आहे, पण वरिष्ठांना ती आरोपासारखी ऐकू येईल. परिणाम सांगा: चौकशीचा अहवाल येईल, तो निवेदनाशी जुळला नाही तर पहिला प्रश्न अपघाताचा राहणार नाही, ‘पहिल्या रात्री खोटं का बोललात’ हा होईल. दुसरं, चौकशी करणाऱ्यांना योग्य मार्गाने लेखी कळवा की निवेदनातल्या त्या उल्लेखामागे कुठलाही तांत्रिक अहवाल नव्हता. निवेदनाची प्रत फाइलीत लागते आणि काही महिन्यांनी तिलाच कुणीतरी आधार म्हणून दाखवतं. हे होऊ द्यायचं नसेल तर ते आत्ताच थांबवता येतं.

दुरुस्ती जितकी लांबते तितकी महाग पडते. २९ ऑगस्ट २०२१ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका मोटारीवर हल्ला केला. गाडीत स्फोटकं होती, नंतर मोठे दुय्यम स्फोट झाले हाच त्याचा पुरावा, असं लष्कराकडून सांगण्यात आलं. तीन दिवसांनी सर्वोच्च लष्करी अधिकाऱ्याने पत्रकारांसमोर हल्ल्याचं समर्थन केलं. १० सप्टेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चित्रफितींच्या आधारे केलेला तपास छापला. १७ सप्टेंबरला लष्कराला मान्य करावं लागलं की मेलेले दहाही जण सामान्य नागरिक होते, त्यांत सात मुलं होती आणि गाडी चालवणारा माणूस मदतसंस्थेत काम करत होता. पहिल्या दिवशी ‘आम्ही तपासतो आहोत’ एवढ्यावर थांबता आलं असतं. पण एकदा कारण उच्चारलं की ते टिकवावं लागतं, आणि रोज टिकवता टिकवता बोलणाऱ्याचाच त्यावर विश्वास बसू लागतो. तुमच्या बाबतीत फार वेळ गेलेला नाही.

आता नोकरीकडे येऊ. ‘लष्कराचा जाहिरातदार’ हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलं आहे. त्यामागची समजूत अशी दिसते की लष्कर काम करतं आणि जनसंपर्क अधिकारी मागाहून त्याला रंग देतो. बऱ्याच ठिकाणी ही जागा अशीच वापरली जाते, हे मी नाकारत नाही. भरतीच्या चित्रफिती, संचलनाचे फोटो, बक्षीस समारंभांच्या बातम्या हेही काम आहेच. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. लोकांच्या करावर चालणाऱ्या संस्थेने आपण काय करतो ते लोकांना दाखवलंच पाहिजे. पण ही जागा मुळात कशासाठी आहे, ते अशा चांगल्या दिवशी कळत नाही.

ते कळण्यासाठी मी एक वाईट दिवस पुन्हा पुन्हा वाचत आले आहे. १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय. अमेरिकी सैनिकांनी त्या दिवशी तिथे शेकडो निःशस्त्र माणसं मारली. बायका, मुलं, म्हातारे. त्या कंपनीबरोबर लष्कराच्या माहिती विभागाचे दोघे जण होते, वार्ताहर जे रॉबर्ट्स आणि छायाचित्रकार रॉन हेबर्ली. म्हणजे तुमच्याच शाखेची माणसं. लष्कराच्या माहितीनुसार त्या दिवशी शत्रूचे १२८ जण ठार झाले आणि ३ हत्यारं हाती लागली. रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या वृत्तात कत्तलीचा मागमूस नव्हता. हेबर्ली यांच्याकडे दोन कॅमेरे होते. लष्कराच्या कॅमेऱ्यात कृष्णधवल फोटो आणि स्वतःच्या कॅमेऱ्यात रंगीत. ते रंगीत फोटो नोव्हेंबर १९६९मध्ये क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’ या दैनिकात छापून आले, तेव्हा जगाने ती प्रेतं पाहिली. मधल्या वीस महिन्यांतला बहुतेक काळ अधिकृत गोष्ट विजयाचीच राहिली.

ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. १२८ माणसं, ३ हत्यारं. लष्करात काही वर्षं काढलेल्या कुणालाही तिथे अडखळायला हवं: उरलेल्या सव्वाशे जणांच्या हातात काय होतं? हे विचारायला ना मोठा हुद्दा लागत होता, ना गुप्त माहिती. आकडे टाइप करणाऱ्याने, ते तपासणाऱ्याने, त्यावर सही करणाऱ्याने, कुणीही विचारलं असतं तर पुढे जायच्या आधी ते निवेदन थांबलं असतं.

माझ्या मते तुमच्या शाखेचं मुख्य काम हेच आहे. बाहेरचा माणूस उद्या जे विचारणार ते आज आत बसून, दार लावून विचारणं. आणि ते तुमच्यासारख्यालाच नीट जमतं. जाहिरात कंपनीतून आलेल्या हुशार माणसाला निवेदन सुबक लिहिता येईल, पण ट्रक दरीत असताना बिघाड कळला कसा, हे त्याला सुचेलच असं नाही. तुम्हाला सुचलं होतं, तो प्रश्न ओठांपर्यंत आला होता. मैदानातली तुमची वर्षं इथे वाया गेलेली नाहीत. ती वापरायचा क्षण आला, तेव्हा तुम्हाला वाटलं की प्रश्न विचारणं आता आपलं काम नाही. ती समजूत बदला.

यासाठी एक गोष्ट मागून घ्यावी लागते: बैठकीत जागा. निर्णय झाल्यावर ‘याचं निवेदन करा’ म्हणून ज्याला बोलावतात, त्याच्या हाती शब्द फिरवण्यापलीकडे काही उरत नाही. सरावाची आखणी चालू असताना तो तिथे असेल, तर ‘रात्री दरीच्या रस्त्याने गाड्या जाणार आहेत, अपघात झाला तर आपल्याला काय काय विचारलं जाईल?’ एवढा एक प्रश्न टाकू शकतो. त्याचं उत्तर शोधताना ड्युटीचा तक्ताच कुणाच्या तरी डोळ्यांखालून जातो. जनसंपर्काने अपघात टळू शकतो तो असा. सगळे कमांडर हे ऐकतील असं नाही. पण ज्यांना एकदा याचा उपयोग झाला, ते पुढच्या वेळी स्वतः बोलावतात.

तुम्हाला एक भीती आहे, की अशी खरेपणाची भाषा लष्करात चालायची नाही, कारण तिथे गुप्तता लागते. गुप्तता लागतेच. १९८२मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश पॅराट्रूपर गूस ग्रीन या वस्तीवर चाल करायच्या आधीच बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर त्या हल्ल्याची बातमी आली आणि ती त्या सैनिकांनीच रेडिओवर ऐकली. त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल एच. जोन्स संतापले. त्या लढाईत ते मारले गेले. अशी माहिती वेळेआधी बाहेर जाता कामा नये, याबद्दल कुठल्याही समंजस पत्रकाराचं दुमत नसतं. २००३मध्ये इराक युद्धात अमेरिकी तुकड्यांबरोबर शेकडो पत्रकारांना राहू दिलं, तेव्हाही नियम होता की मृत सैनिकाची ओळख कुटुंबाला कळवेपर्यंत किंवा ७२ तास होईपर्यंत जाहीर करायची नाही. पत्रकारांनी तो मान्य केला होता.

पण न सांगणं आणि खोटं सांगणं यांच्यात पक्की भिंत असते, आणि प्रवक्त्याने ती सांभाळायची असते. ऑक्टोबर २००४मध्ये अमेरिकी मरीन दलाच्या एका प्रवक्त्याने दूरचित्रवाणीवर अशा शब्दांत निवेदन केलं की इराकमधल्या फलुजा शहरावरचा मोठा हल्ला सुरू झाला असं वाटावं. खरा हल्ला नोव्हेंबरमध्ये झाला. आधीचं निवेदन शत्रूची प्रतिक्रिया पाहण्यासाठी होतं, हे मागाहून उघड झालं. डावपेच म्हणून कुणाला ते चतुर वाटेल. पण शत्रूबरोबर त्या सैनिकांच्या आयांनीही ती बातमी पाहिली होती. शत्रूला फसवण्यासाठी लष्करात वेगळी माणसं असतात आणि वेगळे मार्ग असतात. जनतेशी बोलणाऱ्या तोंडाचा त्यासाठी एकदा वापर झाला, की पुढच्या वेळी तेच तोंड ‘तुमचा मुलगा सुखरूप आहे’ म्हणालं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. ‘हे मी सांगू शकत नाही’ असं म्हणायला तुम्ही मोकळे आहात, आणि ते शरमेने म्हणू नका. जिथे जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं सांगायला सांगितलं जाईल, तिथे थांबा.

न सांगण्यातही माणसं दुखावतात, तेव्हा ते डोकं वापरून करावं लागतं. त्याच फॉकलंड युद्धात २५ मेच्या संध्याकाळी ब्रिटनचे संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी टीव्हीवर सांगितलं की एका जहाजाचं मोठं नुकसान झालं आहे. नाव सांगितलं नाही. जहाज होतं ‘कॉव्हेंट्री’, आणि ते नाव जाहीर झालं दुसऱ्या दिवशी. ती रात्र त्या ताफ्यातल्या प्रत्येक जहाजावरच्या प्रत्येक माणसाच्या घराने जागून काढली. एका जहाजाच्या कुटुंबांना आधी कळवून मग नाव घेतलं असतं, तर बाकी हजारो घरं त्या रात्री झोपली असती. कुठल्या क्रमाने, कुणाला, कधी सांगायचं हे ठरवणं हा तुमच्या कामाचा गाभा आहे. कॅमेरा कुठे लावायचा, हे त्याच्या फार नंतर येतं.

‘मी अजून सैनिक आहे का’ असं तुम्ही विचारलंत. तुमचं निवेदन सर्वांत आधी कोण वाचतं, सांगा बरं. त्या रात्री त्या ट्रकच्या मागच्या गाडीत बसलेले जवान. त्यांनी ती ओळ मोबाइलवर वाचली असेल. चालक कधीपासून जागा होता, ते त्यांना माहीत असणार. उद्या आपण गेलो तर लष्कर आपल्याबद्दल काय लिहील, याचा अंदाज ते तिथेच बांधतात. २००४मध्ये अफगाणिस्तानात पॅट टिलमन हा अमेरिकी सैनिक मारला गेला. व्यावसायिक फुटबॉलची कारकीर्द सोडून तो सैन्यात आला होता, म्हणून साऱ्या देशाला माहीत होता. तो आपल्याच सैनिकांच्या गोळ्यांनी गेला, हे त्याच्या सोबत्यांना लगेच कळलं होतं. तरी शत्रूशी लढताना गेला असं जाहीर झालं, त्याला सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक देण्यात आलं, ३ मेला स्मृतिसभा झाली. कुटुंबाला खरं कळलं ते मृत्यूनंतर पाच आठवड्यांनी. त्याचा भाऊ केविन त्याच पलटणीत होता, त्या दिवशी मागच्या गाड्यांत होता, त्यालाही सांगितलं नव्हतं. पुढे २००७मध्ये केविनने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. लष्कराने हे सगळं टिलमनच्या सन्मानासाठी केलं असेल, असं गृहीत धरलं तरी फरक पडत नाही. मुलगा गेल्याचं दुःख त्या घराने सोसलं असतं. फसवलं गेल्याचं दुःख लष्कराने वर दिलं.

जवानांचा विश्वास सांभाळणं हे सैनिकाचंच काम आहे. हातात बंदूक असो वा नसो. शिवाय आजच्या काळात प्रत्येक जवानाच्या खिशात कॅमेरा आहे. २००७मध्ये इराकमधल्या एका तळावर नवी हेलिकॉप्टरं आली, सैनिकांनी फोटो काढून इंटरनेटवर टाकले. फोटोत जागेची अक्षांश-रेखांशासह नोंद होती. शत्रूने नेमक्या जागी तोफगोळे टाकून चार अपाचे हेलिकॉप्टरं नष्ट केली. असं होऊ नये म्हणून तरुण पोरांना समजावणारा माणूस तुम्ही असता. पकडलेल्या शत्रुसैनिकांचे चेहरे दाखवणारी चित्रफीत ‘खूप बघितली जाईल’ म्हणून कुणी टाकायला निघालं, तर १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातलं कलम १३ दाखवून ती थांबवणाराही तुम्हीच. कैद्यांना लोकांच्या कुतूहलाचा विषय करायचं नाही, असं ते कलम सांगतं. जुन्या सहकाऱ्यांनी पुन्हा फोटोवरून विचारलं, तर यातलं काही सांगून बघा.

तुमच्यासारख्या जागी असलेले बरेच वाचक हे सदर वाचतात: पोलिसांत, रेल्वेत, रुग्णालयांत, कारखान्यांत. त्यांच्यासाठीही पहिल्या निवेदनाबद्दल थोडं लिहिते. पहिल्या तासात जे कळतं त्यातलं बरंच चुकीचं निघतं. म्हणून काय घडलं, कुठे, किती वाजता, मदत कुठवर पोचली, कुटुंबांना कळवणं सुरू आहे का आणि पुढची माहिती किती वाजता देणार, एवढंच लिहावं. आणि ती वेळ पाळावी, नवं काही हाती नसलं तरी. आकड्यापुढे ‘आत्तापर्यंत’ हवंच. युक्रेन युद्धात २०२३ची पहाट होताना माकीव्हका इथे रशियन सैनिकांच्या मुक्कामावर हल्ला झाला. रशियाने आधी ६३ मृत सांगितले, मग ८९. संख्या वाढू शकते हे आधीच सांगितलेलं असलं, तर वाढलेली संख्या खोटेपणा वाटत नाही. कारण मात्र लिहू नये. ‘किरकोळ’ जखमी लिहू नये, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय. ‘परिस्थिती नियंत्रणात’ हेही नको. २०००मध्ये ‘कुर्स्क’ ही रशियन पाणबुडी बुडाली, तेव्हा सुरुवातीला आतल्या लोकांशी संपर्क असल्याचं सांगण्यात आलं होतं. आत ११८ जण होते, एकही वाचला नाही. त्या दिलाशावर किनाऱ्यावर थांबलेल्या घरच्या माणसांना पुढे काय वाटलं असेल, याचा विचार निवेदन लिहिणाऱ्याने आधी करावा.

आणि वरिष्ठ फोनवर कारण सांगत असतील तेव्हा एक वाक्य तयार ठेवा: ‘साहेब, हे कुणाच्या तपासणीवरून लिहू?’ यात अवज्ञा नाही. बहुतेक वेळा समोरचाही घाईतच असतो आणि या प्रश्नावर थांबतो. नाही थांबला, तर ‘लेखी पाठवा, लगेच टाकतो’ म्हणा. न तपासलेली गोष्ट लेखी द्यायला फार थोडे तयार होतात.

तुमच्या तीन पर्यायांबद्दल. गप्प बसणं मी बाजूला ठेवते, त्यात मेकॅनिकही गप्प बसवला जातो. युनिटात परत जाण्याचा अर्ज तुम्ही पाठीच्या दुखण्यासकट करणार आहात, आणि तो आज केलात तर तो त्या फोनपासून पळून जाण्यासाठी असेल. राजीनाम्याने तुमचं मन हलकं होईल. तुमच्या खुर्चीवर येणारा माणूस मात्र ‘तपासलं कुणी?’ असं मनातही विचारणारा असेल का, सांगता येत नाही. म्हणून मी थांबा म्हणेन, पण अट घालून. दुरुस्तीचं टिपण द्या. ते नाकारलं गेलं तर लष्कराच्या विधी शाखेतल्या कुणाशी बोला, तुमच्या लष्कराच्या नियमांत कुठवर जाता येतं ते समजून घ्या. पुन्हा तसंच काही लिहायला सांगितलं गेलं आणि तुमची हरकत लेखी असूनही ते बाहेर गेलं, तर बदली मागा, कारण लिहून मागा. याची किंमत पडू शकते: वार्षिक शेरा, बढती, वरिष्ठांची मर्जी. घरी याबद्दल मोकळेपणाने बोला. ही किंमत तुम्ही एकटे भरणार नाही आहात.

भावाला फोन कराच, पण परवानगी घेऊन. त्याला सांगा की कारण अजून ठरलेलं नाही, आधीच्या निवेदनात ते यायला नको होतं आणि ते मागे घ्यावं असं तुम्ही लेखी सुचवलं आहे. हे शेवटचं सांगायची मुभा मिळाली नाही तर पहिली दोन वाक्यंही पुरतील. चौकशीचा निष्कर्ष कुटुंबाला कोण कळवणार त्या अधिकाऱ्याचं नाव द्या, तुमचा नंबर द्या. तो रागावेल, कदाचित बराच वेळ. मधे बोलू नका, आणि फोन त्याने ठेवेपर्यंत ठेवू नका. वर्कशॉपमधल्या त्या मेकॅनिकपर्यंतही त्याच्या अधिकाऱ्यामार्फत निरोप पोचवा की बिघाड झाला असं अजून कुणीही ठरवलेलं नाही. हा निरोप मात्र चौकशी संपायची वाट न बघता, याच आठवड्यात.